पहिल्या मजल्यावरचं पूल टेबल खोलून वाईला नेताना

पुण्यात कर्वे रस्त्याच्या बाजूच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एक पूल पार्लर होतं. पूल म्हणजे काठीने बॉल मारून टेबलाच्या भोकांत पाडायचा, बिलियर्ड्ससारखा खेळ. ते बंद झालं तेव्हा तिथलं एक टेबल मी आमच्या वाईच्या मंडळाच्या हॉलसाठी घेतलं. भोसरीत एकतीस वर्षं फिटर म्हणून काम केलंय, त्यामुळे नट-बोल्टची भीती नव्हती. पण दगड हलवण्याचं काम मी कधी केलं नव्हतं, आणि पूल टेबल म्हणजे मुळात दगडच. वरचं हिरवं कापड आणि बाजूचं पॉलिश केलेलं लाकूड बघून आपल्याला ते फर्निचर वाटतं. प्रत्यक्षात कापडाखाली इंचभर जाडीची पाटी असते. शाळेत आपण ज्यावर बाराखडी गिरवली, त्याच जातीचा दगड. धंद्यातली माणसं स्लेट म्हणतात, मी पाटीच म्हणणार.

हे सगळं लिहून ठेवतोय, कारण असं टेबल विकत घेणारे बरेचजण ते अखंड उचलायला आठ माणसं बोलावतात. तसं केलं की टेबल जागेवर पोचेपर्यंत पाटी तडकते, पायांचे बोल्ट वाकतात आणि चौकट पिळवटते. खोलून नेलं तर चार माणसांत आणि एका दिवसात काम होतं.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, तुमची खोली. आमचं टेबल आठ फुटी. त्याची खेळायची जागा ८८ इंच बाय ४४ इंच. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, साधारण ५८ इंचांचा. मागे क्यू ओढायला चारही बाजूंना तेवढी जागा लागते, म्हणजे खोली किमान १७ फूट बाय साडेतेरा फूट हवी. भिंतीला क्यू आपटत असेल तर ते टेबल घरात ठेवून काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, टेबलाखाली टॉर्च घेऊन आडवे व्हा. करड्या-काळ्या रंगाचा, बारीक पोताचा दगड दिसला तर ती स्लेट. पांढरट किंवा शिरा असलेला दगड दिसला तर मार्बल. आपल्याकडे स्वस्त टेबलांना मार्बल सर्रास लावतात. तो खेळायला चालतो, पण भाव त्याच्या हिशेबाने करा. नुसतं प्लायवूड किंवा एमडीएफ दिसलं तर ते टेबल सोडून द्या, पावसाळ्यात त्याला पोक येणारच. पाटी एकसंध आहे की तीन तुकड्यांत, हेही खालूनच कळतं. तीन तुकडे असतील तर दोन सांधे दिसतील. एकसंध पाटी असेल आणि जिना चढायचा-उतरायचा असेल, तर हे काम स्वतः करू नका. त्या एका दगडाचं वजन दीडशे-दोनशे किलोच्या घरात जातं आणि वळणावर धरायला जागा मिळत नाही.

तिसरी गोष्ट, कुशन, म्हणजे टेबलाच्या कडेचं रबर, ज्यावर आपटून बॉल परत येतो. अंगठ्याने रबर दाबा. दबून लगेच परत यायला हवं. मग एक बॉल मध्यावरून सरळ, जोरात मारा. चांगल्या कुशनवर तो टेबलाची लांबी किमान चार वेळा पार करतो. आमच्या टेबलावर तीन लांब्या जेमतेम झाल्या, शिवाय एका बाजूला दगडावर आपटल्यासारखा ठक्क आवाज आला. म्हणजे रबर वाळलेलं. ते बदलता येतं, म्हणून मी टेबल सोडलं नाही, पण किमतीतून तेवढे पैसे कमी करून घेतले.

आता वजनाचा हिशेब. आमच्या पाटीचा एक तुकडा साधारण १३० सेंटीमीटर बाय ८० सेंटीमीटर, जाडी २५ मिलिमीटर. स्लेटची घनता पाण्याच्या पावणेतीन पट धरली तर एका तुकड्याचं वजन सत्तर किलोच्या थोडं वर जातं. तिन्ही मिळून सव्वादोनशेच्या आसपास. त्यात चौकट, पाय आणि रेल, म्हणजे ज्यांना कुशनचं रबर लावलेलं असतं ती कडेची लाकडं, धरा. सत्तर किलो दोन माणसं उचलू शकतात, हे खरं. पण हे सिमेंटचं पोतं नाही, अंगाला चिकटवून धरता येत नाही. म्हणून सपाटीला दोघं आणि जिन्यात चौघं, असं मी आधीच ठरवलं. मी, दोन भाचे आणि माझे मेव्हणे. पाठीचं दुखणं असलेला माणूस या कामात घेऊ नका, तो कितीही आग्रह करू दे.

सामान फार लागत नाही. गोटी पान्याचा सेट, लांब एक्स्टेन्शनसकट. आमच्या टेबलाला १३ आणि १७ चे बोल्ट होते. परदेशी टेबल असेल तर इंची गोट्याही न्या, नाहीतर बोल्टची डोकी गोल होऊन बसतात. बॅटरीवरचं स्क्रू मशीन, पकड, सपाट पटाशी, स्टेपल उपटायला जुना स्क्रू ड्रायव्हर, दाढीच्या ब्लेडचा स्क्रेपर. पुढच्या जोडणीसाठी पाणसळ. आणि भरपूर गोधड्या. मी घरातल्या सात गोधड्या नेल्या, त्याशिवाय एक कापसाची जुनी गादी. पायात बूट हवेतच, चपला घालून या कामाला येऊ नका. हातात रबरी पकडीचे मोजे.

खोलायला लागण्याआधी फोटो काढा. मग खुणा. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो, डावीकडच्या रेलला १ नंबर दिला आणि घड्याळाच्या दिशेने ६ पर्यंत गेलो. नंबर रेलच्या पोटाला, मास्किंग टेप चिकटवून त्यावर. पाटीच्या तिन्ही तुकड्यांना खालच्या अंगाला 'दार', 'मध', 'खिडकी' असं लिहिलं आणि प्रत्येकावर दाराकडे तोंड केलेला बाण काढला. हा बाण फार महत्त्वाचा. पाटीचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवून घासलेले असतात. मधला तुकडा फिरवून उलटा बसवला तर सांधा कधीच नीट जुळत नाही. बोल्टांसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे आणले होते. रेलचे एका डब्यात, पाटीचे दुसऱ्यात, पायांचे तिसऱ्यात, प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिठ्ठी.

सुरुवात पॉकेटपासून, म्हणजे बॉल पडतो त्या भोकांपासून, करायची. आमची चामड्याची जाळीची पॉकेट होती. त्यांचं लोखंडी कडं रेलच्या टोकाला खालून बोल्टने धरलेलं असतं आणि चामड्याची शेपटी बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते. खिळे ओढून काढू नका, पटाशीने हळू उचला. जुनं चामडं खिळ्याभोवती लगेच फाटतं. प्लास्टिकचं पॉकेट असेल तर त्याच्या आतच स्क्रू सापडतो.

मग रेल. आमच्या टेबलाला सहा रेल, प्रत्येकाला तीन बोल्ट, म्हणजे एकूण अठरा. ते टेबलाखालून, पाटीतून वर गेलेले असतात. उताणं झोपून काम करावं लागतं, म्हणून डोळ्यांना चष्मा लावा. वर्षानुवर्षांची खडूची पूड तोंडावर पडते. सतरा बोल्ट मुकाट्याने आले. अठरावा गंजून रेलमधल्या नटाला धरून बसला होता. अशा वेळी जोर करायचा नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि बाकीची कामं उरकून अर्ध्या तासाने परत आलो. थोडं घट्ट करायचं, थोडं सैल करायचं, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. पंधरा मिनिटांत सुटला. थेट लांब दांडी लावून ओढला असता तर लाकडात बसवलेला नट फिरला असता आणि मग रेल कापण्याशिवाय इलाज नव्हता. सुटलेली रेल रबराच्या अंगावर ठेवू नका, रबराचं नाक, म्हणजे पुढे आलेली धार, चेपतं.

कापड वाचवायचा मोह टाळा. एकदा काढलेलं कापड पुन्हा तसंच ताणून बसत नाही, त्यावर जुन्या भोकांची रांग आणि पांढऱ्या रेघा दिसतात. स्टेपल असतील तर उपटायचे, चिकटवलेलं असेल तर एका कोपऱ्यातून धरून पाटीला समांतर ओढायचं. सरळ वर ओढलं तर गोंद दगडावरच राहतो. आमच्याकडे राहिलाच. तो ब्लेडच्या स्क्रेपरने, अगदी आडवा धरून खरवडला. पाटीवर पटाशी चालवू नका, ओरखडा पडला तर नवीन कापडाखालूनही तो बॉलला जाणवतो.

कापड निघालं की पाटी उघडी पडते, पण स्क्रू दिसत नाहीत. ते मेणाखाली किंवा पुट्टीखाली दडलेले असतात. नखाने चाचपत गेलं की गोल ठिपके सापडतात. टोकदार सळीने भोक मोकळं करायचं, स्क्रूच्या खाचेतला कण न् कण काढायचा, मगच स्क्रू ड्रायव्हर लावायचा. सगळे स्क्रू मोजून काढा. एक जरी राहिला आणि कुणी पाटी उचलायला गेलं, तर तिथेच ती फुटते.

सांध्यातला मेणाचा थर ब्लेडने पूर्ण कापून घ्या. आणि आता जे सांगतोय ते ध्यानात ठेवा, कारण आमच्याकडून इथेच चूक झाली. दोन पाट्यांच्या सांध्यात पितळी पिना असू शकतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. म्हणून पाटी वर उचलायची नाही, आधी आडवी सरकवायची, दोन-तीन इंच, शेजारच्या पाटीपासून दूर. पिना मोकळ्या झाल्या की मग उचलायची. धाकट्या भाच्याने उत्साहात खिडकीकडची पाटी थेट वर केली आणि सांध्याच्या कडेचा रुपयाएवढा टवका उडाला. बॉल फिरतो त्या पट्ट्यात नव्हता, कडेला होता, म्हणून निभावलं. तो तुकडा मी डब्यात जपून ठेवला आणि वाईला चिकटवला. पण त्यानंतर सगळ्यांना सांगितलं, यापुढे आवाज एकाचाच. मी 'हं' म्हणेपर्यंत कुणी बोटसुद्धा लावायचं नाही.

दगडाला दाब सहन होतो, वाकणं सहन होत नाही. आडवी धरलेली पाटी मधोमध स्वतःच्याच वजनाने वाकू पाहते आणि पॉकेटच्या खाचेपासून तडा जातो. म्हणून ती काचेसारखी उभी न्यायची. टेबलावरून सरकवत काठापर्यंत आणायची, काठावर तिरकी करायची, खाली गादीवर उभी उतरवायची. नुसत्या फरशीवर कोपरा टेकवायचा नाही. कोपरा आधी लागला की तो गेलाच म्हणून समजा. पाटीच्या खालच्या अंगाला कापड ठोकायसाठी लाकडी पट्टी चिकटवलेली असेल तर तिला धरून उचलू नका, ती सुटते.

बावीस पायऱ्यांचा जिना, मध्ये एक वळण. खालच्या माणसावर जास्त भार येतो, म्हणून खाली मेव्हणे आणि थोरला भाचा, वर मी आणि धाकटा. पाटीखालून सामान वाहायचे दोन रुंद पट्टे घातले. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. वळणावर आधीच गादी टाकून ठेवली होती, तिथे पाटी टेकवून दम घेतला. तिन्ही पाट्या उतरवायला पाऊण तास लागला. पाटीच्या उताराच्या बाजूला, जिन्यात खाली, त्या वेळी दुसरं कुणी नसावं. मालकाला सांगून पाऊण तास जिना बंद ठेवला होता.

चौकट आणि पाय सोपे. चौकट उलटी करून पाय सोडायचे, मग आडव्या दांड्या. शक्य असेल तर चौकट पूर्ण सोडवा, कारण अखंड चौकट बहुतेक गाड्यांत तिरकी बसते आणि तिरकी बसली की पिळते.

छोटा हत्ती आम्ही घेतला नाही. वजन त्याला झेपलं असतं, पण हौदा सव्वासात फुटांच्या आसपास, आणि चौकटीच्या लांब दांड्या मागे बाहेर राहिल्या असत्या. मोठा पिकअप घेतला. हौद्याच्या पुढच्या भिंतीला, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे, गादी उभी लावली. खाली लाकडी पट्ट्या, त्यावर दुमडलेली गोधडी. टोकाच्या दोन पाट्यांच्या एका लांब कडेला सांधा असतो, दुसरी बाहेरची. त्या बाहेरच्या कडेवर उभ्या केल्या. मधल्या पाटीच्या दोन्ही लांब कडा सांध्याच्याच, त्यामुळे तिच्याखाली गोधडीची आणखी एक घडी. पाट्या गाडीच्या रुंदीत आडव्या, वरचं टोक भिंतीकडे किंचित झुकलेलं, प्रत्येक दोघींमध्ये एक गोधडी. मग दोन रॅचेट बेल्ट.

असं लावण्याचं कारण आहे. ब्रेक मारला की भार पुढे जातो, तिथे भिंत आहे. पण पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आम्हाला खंबाटकीचा घाट चढायचा होता, आणि चढावर तोच भार मागे ओढला जातो. तेव्हा धरून ठेवायला फक्त बेल्ट असतात. म्हणून बेल्ट कोपऱ्यावरून नाही, पाटीच्या मध्यावरून घेतले, आणि बेल्टखाली गोणपाट. ड्रायव्हरला गाडी चाळीस-पन्नासच्या वर नको असं सांगितलं आणि वाटेत दोनदा थांबून बेल्ट तपासले, एकदा खेड शिवापूरला, एकदा घाटाच्या पायथ्याशी. दुसऱ्यांदा बेल्ट दोन खाचा सैल निघाला. हादऱ्यांनी गोधड्या बसतात, त्यामुळे असं होतं. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावरचे गतिरोधक मात्र ड्रायव्हरने फार जपून घेतले, त्याचे मी मनापासून आभार मानले.

जोडणी घाईने करू नका. चौकट उभी केली की आधी दोन्ही कर्ण मोजा, समान यायला हवेत. मग पाणसळ. आठ फुटांसाठी गवंड्याची पाण्याची नळी उत्तम, चारही कोपरे एकदम कळतात. पायाखाली पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे सारून चौकट आधी समपातळीत आणा. मधली पाटी आधी, नंतर दोन्ही टोकं, पिना जुळवत आडवी सरकवत. स्क्रू अर्धेच आवळा. आता सांध्यावरून नख फिरवा. जिथे नख अडतं तिथे खालच्या पाटीला चौकट आणि पाटीच्या मध्ये बारीक पाचर द्या. शेवटच्या टप्प्यात लाकडी पाचरसुद्धा जाड पडते, तिथे जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे वापरले. सगळं जुळल्यावर स्क्रू आवळा आणि पुन्हा नख फिरवा, कारण आवळताना पाटी हलते. मला या एका कामाला चार तास लागले आणि एक मिनिटही वाया गेलं असं वाटलं नाही.

सांध्यात आणि स्क्रूच्या भोकांत परंपरेने मधमाशीचं मेण भरतात. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडतं. आमच्या हॉलवर पत्रा आहे, मे महिन्यात आत भट्टी होते. म्हणून मी गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची पुट्टी भरली. ती सुकल्यावर ब्लेडने पातळीला आणली. गार खोलीत टेबल असेल तर मेणच घाला, पुढच्या वेळी खोलताना सोपं जातं.

कापडाचं काम मी केलं नाही. पुण्यातल्या एका जुन्या क्लबात मार्कर म्हणून, म्हणजे गुण मोजण्यात आणि टेबलं सांभाळण्यात, हयात घालवलेले एक काका आहेत, त्यांना वाईला आणलं. आणखी काही नाही तरी एवढ्यासाठी पैसे खर्च करा. कापडाला लव असते, ती हाताने कुरवाळून तिची दिशा ठरवतात, आणि ताण सगळीकडे सारखा द्यायला बोटांना सवय लागते. काम करता करता काका मंडळाच्या पोरांना सांगत होते, की १९५८ साली बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, आणि कोणत्याही खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. पोरं टेबलाभोवती उकिडवी बसून ऐकत होती. मला त्या क्षणी एवढा दगड इथवर आणल्याचं फार बरं वाटलं.

नवं रबर बसवून रेल परत चढवताना उंची तपासायची. कुशनचं नाक पाटीपासून बॉलच्या व्यासाच्या ६३.५ टक्के उंचीवर असावं लागतं. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे नाक ३६ मिलिमीटरच्या किंचित वर. काकांनी लाकडाचा त्या मापाचा ठोकळाच आणला होता. नाक खाली गेलं तर बॉल उडतो, वर गेलं तर दाबला जातो. रेलचे अठरा बोल्ट एकदम आवळू नका. सगळे हलके लावा, मग समोरासमोरचे आलटून पालटून.

एका पंधरवड्याने पुन्हा पाणसळ लावा. वजन बसलं की फरशीवर पाय थोडे दबतात. आमचा खिडकीकडचा एक पाय दोन मिलिमीटर बसला होता. टेबलाच्या चौकटीखाली जॅक लावून तो कोपरा अलगद उचलला आणि पायाखाली पत्र्याचा एक तुकडा सरकवला. त्यानंतर बॉल ठेवला त्या जागी थांबला.